सात दिव्यांची कमान

बाराव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली होती. शहरातल्या जुन्या वास्तूंची वर्णनं तिच्यात आहेत, काही खरी, काही दंतकथांनी भरलेली. फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक; त्याच्या पूर्व टोकाला असलेल्या कमानीचं नाव तिथे 'टायटस आणि व्हेस्पेशियनची सात दिव्यांची कमान' असं दिलं आहे. कमानीच्या माथ्यावरचा लेख वाचायचा तर लॅटिन यावं लागतं. आतल्या भिंतीवर कोरलेले सात दिवे ओळखायला काहीच शिकावं लागत नाही. ज्या सम्राटासाठी कमान उभी राहिली त्याचं नाव लोकांनी ठेवलं, पण त्याच्या नावाला त्याने लुटून आणलेला दिवाही कायमचा जोडून टाकला. आज पाट्यांवर नुसतं 'टायटसची कमान' लिहिलेलं असतं. मला ते जुनं नाव जास्त खरं वाटतं.

कोलोसियमकडून फोरमकडे निघालं की चढ लागतो. ही व्हेलिया नावाची बुटकी टेकडी. पायाखाली काळ्या लाव्हाच्या दगडाचे मोठाले बहुकोनी तुकडे बसवलेले आहेत. रोमजवळच्या आल्बान टेकड्या ज्वालामुखीच्या, त्यामुळे रोमन रस्त्यांना असा दगड भरपूर मिळाला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला तो लगेच जवळचा वाटतो. दोन हजार वर्षांत दगडांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत आणि फटी रुंदावल्या आहेत, म्हणून पायात चांगल्या तळव्याचे बूट असलेले बरे. चढ संपतो तिथे, टेकडीच्या माथ्यावर, कमान उभी आहे. तिच्या एका बाजूला कोलोसियम आणि दुसऱ्या बाजूला उतारावर पसरलेलं सगळं फोरम दिसतं. जागा निवडणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे नीट माहीत होतं.

आकाराने ती फार मोठी नाही. उंची 15.4 मीटर, रुंदी 13.5 मीटर, जाडी 4.75 मीटर. पॅरिसची प्रसिद्ध विजयकमान याच नमुन्यावरून स्फूर्ती घेऊन बांधली, ती सुमारे 50 मीटर उंच आहे. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया 26 मीटर. कोलोसियमच्या अगदी शेजारची कॉन्स्टंटाइनची तीन दारांची कमानही टायटसच्या कमानीहून बरीच थोराड. त्यामुळे पुष्कळ प्रवासी लांबूनच एक फोटो काढतात आणि फोरमकडे उतरतात. या कमानीचं जे सांगणं आहे ते मात्र बाहेरच्या बाजूला नाहीच. ते कमानीच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे. लांबून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

आधी हे समजून घ्यायला हवं की ही वेस नव्हे. आपल्या गावाच्या वेशीला तट असतो, दरवाजा असतो, रात्री तो लागतो. रोमन विजयकमानीला तट नाही, दरवाजा नाही, रखवाली करायची असं काही नाही. तिला वळसा घालून सहज जाता येतं. मोकळ्या रस्त्यावर उभी केलेली ही नुसती चौकट, आणि तिचा उपयोग एकच: कोणीतरी तिच्याखालून एका ठराविक दिशेने गेलं होतं, हे कायम आठवत राहावं. म्हणून अशी कमान पाहताना तिची दिशा विचारावी लागते. कुठून कुठे?

ते 'कुठून कुठे' ठरलेलं होतं रोमच्या विजययात्रेने. मोठं युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीला सिनेटने मान्यता दिली की त्याची मिरवणूक निघे. चार घोड्यांच्या रथात तो उभा राहायचा. पुढे लूट, बेड्या घातलेले कैदी, बळी द्यायचे पांढरे बैल, युद्धातले प्रसंग रंगवलेले फलक. मागे सैनिक, आपल्याच सेनापतीची टवाळी करणारी गाणी म्हणत. शहराला वळसा घालून ही मिरवणूक 'पवित्र मार्ग' नावाच्या रस्त्याने फोरममध्ये उतरे आणि कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळापाशी संपे. शत्रूच्या सेनानायकाला त्याच वेळी फोरमशेजारच्या कैदखान्यात ठार मारत आणि ती बातमी वर पोचल्यावरच बळी दिला जाई. तो एक धार्मिक विधीही होता, आणि हरलेल्यांना साऱ्या शहरासमोर उभं करण्याचा सोहळाही.

टायटसच्या कमानीतली विजययात्रा इसवी सन 71 मधली. ज्यूडिया प्रांतात 66 मध्ये रोमविरुद्ध बंड पेटलं. सम्राट नीरोने ते मोडायला व्हेस्पेशियन या मुरलेल्या सेनापतीला पाठवलं. 68 मध्ये नीरो मेला, रोममध्ये वर्षभर सत्तेची मारामारी झाली आणि त्यातून खुद्द व्हेस्पेशियनच सम्राट झाला. अर्धवट राहिलेलं युद्ध त्याने थोरल्या मुलावर, टायटसवर, सोपवलं. टायटसने 70 च्या वसंतात जेरुसलेमला वेढा घातला. सण असल्यामुळे शहर यात्रेकरूंनी भरलेलं होतं, आत बंडखोरांच्या गटांची आपसातच लढाई चालू होती, आणि अन्न संपत आलं होतं. ऑगस्टमध्ये तिथलं ज्यूंचं मंदिर जळालं, सप्टेंबरपर्यंत शहर पडलं.

हे सगळं आपल्याला तपशीलवार माहीत आहे ते जोसेफसमुळे. तो स्वतः ज्यू, बंडाच्या सुरुवातीला गॅलिली भागातला एक सेनानी. 67 मध्ये तो रोमन सैन्याच्या हाती लागला, पुढे टायटसच्या छावणीत राहिला आणि रोममध्ये सम्राटाच्या आश्रयाने त्याने युद्धाचा इतिहास लिहिला. मंदिर जाळू नये अशी टायटसची इच्छा होती, असं तो सांगतो. ज्याच्या घरी राहायचं त्याच्याबद्दल माणूस काय लिहिणार, म्हणून इतिहासकार हे विधान जपूनच घेतात. पण 71 च्या मिरवणुकीचं त्याने केलेलं वर्णन आणि कमानीवरचं शिल्प समोरासमोर ठेवली की अंगावर काटा येतो. सोन्याचं मेज, सोन्याचा सात शाखांचा दीप, आणि लुटीच्या सर्वांत शेवटी ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी, असा क्रम तो देतो. कमानीच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर मेज आहे, दीप आहे. गुंडाळी नाही.

आता त्या भिंतीसमोर उभं राहू. पट सुमारे दोन मीटर उंच आणि जवळपास चार मीटर लांब. डोक्यावर पानांचे मुकुट घातलेली माणसं खांद्यावर दांडे घेऊन चालली आहेत, पालखीचे भोई चालतात तशी, एका लयीत, थोडी पुढे झुकून. एका डोलीवर मेज आहे आणि त्याला चांदीचे दोन लांब कर्णे तिरपे बांधले आहेत. दुसऱ्या डोलीवर मेनोरा, म्हणजे मंदिरातला सात शाखांचा दीप. आपल्या समईला एक दांडा आणि वर एक तबक असतं. इथे मधल्या दांड्यातून दोन्ही बाजूंना तीन तीन फाटे कमानदार वळून वर येतात आणि सातही टोकं एका रेषेत थांबतात. मधेमधे काठ्यांवर उंच धरलेल्या पाट्या आहेत. कोणती वस्तू, कुठून आणली, हे त्यांवर रंगाने लिहिलेलं असणार. उजव्या टोकाला एक दरवाजा कोरला आहे, किंचित तिरका, आणि पुढची माणसं त्यात शिरू लागली आहेत.

या तिरक्या दरवाजात शिल्पकाराचं कसब आहे. त्याने सगळ्या आकृती सारख्या खोलीवर कोरल्या नाहीत. जवळची माणसं दगडातून जवळजवळ सुटून बाहेर आली आहेत, मागची नुसती उठाव घेतात, त्यामागची तर रेषेपुरती उरतात. डोक्यांच्या वर बरीच जागा त्याने मोकळी सोडली आहे, म्हणजे माणसांच्या वर आकाश आहे आणि त्या आकाशात दिवा हेलकावतो आहे. त्यामुळे पट बघताना मिरवणूक डावीकडून आली, आपल्या पुढ्यातून गेली आणि दरवाजात वळली असा भास होतो. सर्वांत उठावाचे भाग सर्वांत आधी तुटतात, म्हणून पुढच्या माणसांची डोकी आणि हात बहुतेक गेले आहेत. दिवा मात्र शाबूत आहे. सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी तिरपा उजेड आत आला की ही खोली अधिक कळते.

दिव्याची बैठक नीट पाहावी, कारण अभ्यासकांचा वाद तिच्यावरच आहे. ती दोन टप्प्यांची, अनेक बाजूंची आहे आणि तिच्यावर समुद्री प्राणी कोरलेले दिसतात. जेरुसलेमच्या मंदिरात असल्या प्रतिमा चालल्या असत्या का? प्राचीन ज्यू चित्रांमध्ये या दिव्याला बहुधा तीन पाय दाखवतात. कोणी म्हणतं बैठक रोमन कारागिराच्या कल्पनेतली, कोणी म्हणतं मिरवणुकीत वाहून नेण्यासाठी केलेली. वाद मिटलेला नाही. तरीही 1949 मध्ये इस्रायलने आपलं राजचिन्ह ठरवलं तेव्हा दिवा घेतला तो या कमानीवरचाच, त्या वादग्रस्त बैठकीसकट. विजेत्याने लूट म्हणून कोरलेलं चित्र पराभूतांच्या वंशजांनी आपल्या राष्ट्राचं चिन्ह म्हणून घेतलं, याला माझ्या माहितीत दुसरी जोड नाही.

समोरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीवर टायटसचा रथ. पंखांची विजयदेवी त्याच्या डोक्यावर मुकुट धरते आहे, एक देवी घोड्यांच्या पुढे चालते आहे. रथाशेजारी उघड्या अंगाचा तरुण म्हणजे रोमची जनता आणि अंगरखा पांघरलेला प्रौढ म्हणजे सिनेट, असा अर्थ लावतात. प्रत्यक्ष मिरवणुकीत बाप व्हेस्पेशियन वेगळ्या रथात होता आणि धाकटा भाऊ डोमिशियन घोड्यावर बाजूला होता. पटावर दोघेही नाहीत. देव आले आणि घरचे गेले. आता मान वर करून छताच्या मधोमध पाहिलं तर कारण उमगतं: तिथे गरुडाच्या पाठीवर बसून टायटस स्वर्गात चालला आहे. म्हणजे कमान झाली तेव्हा तो हयात नव्हता.

तेच माथ्यावरचा लेख एका शब्दात सांगतो. सिनेट आणि रोमच्या जनतेने ही कमान 'दिव्य' व्हेस्पेशियनचा पुत्र 'दिव्य' टायटस याला अर्पण केली, असा त्याचा आशय. मेल्यावर देवपद मिळालेल्या सम्राटालाच तो शब्द लागे. टायटस 79 मध्ये गादीवर आला. त्याच वर्षी व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं, पुढच्या वर्षी रोमला मोठी आग लागली, त्याच वर्षी त्याने कोलोसियमचं उद्घाटन केलं आणि 13 सप्टेंबर 81 रोजी तो मेला. जेमतेम दोन वर्षांची कारकीर्द. कमान डोमिशियनच्या काळात पुरी झाली. लेखाची अक्षरं मुळात धातूची होती. धातू कधीच काढून नेला गेला, राहिल्या त्या अक्षरांच्या खाचा. आपण आज वाचतो त्या या रिकाम्या खाचा.

अशाच खुणांनी कोलोसियमचाही उलगडा झाला. तिथल्या एका दगडावर नंतरच्या काळातला लेख आहे, पण त्याखाली आधीची धातूची अक्षरं बसवण्याची छिद्रं शिल्लक होती. 1995 मध्ये गेझा आल्फल्डी या इतिहासकाराने त्या छिद्रांवरून मूळ मजकूर जुळवला: सम्राटाने हे रंगमंडल युद्धातल्या लुटीच्या पैशातून उभारलं. हे वाचन मान्य केलं, आणि बहुतेक अभ्यासक ते करतात, तर ही लूट जेरुसलेमचीच ठरते. कमानीत उभं राहून मागे वळून पाहिलं की समोर कोलोसियम दिसतं. दक्षिणेच्या भिंतीवर खांद्यावरून काय चाललं आहे आणि ते कुठे खर्ची पडलं, दोन्ही एकाच नजरेत येतं.

टायटसची आणखी एक कमान रोममध्ये होती, रथांच्या शर्यतींच्या मोठ्या मैदानाच्या टोकाला. तिचा लेख मध्ययुगात कोणीतरी उतरवून घेतला म्हणून आपल्याला कळतो. टायटसच्या आधी जेरुसलेम कोणाला जिंकता आलं नव्हतं, असा दावा त्यात केला होता. तो खोटा होता. इसवी सनपूर्व 63 मध्ये पॉम्पेने जेरुसलेम घेतलं होतं आणि रोममधल्या कोणाही शिकलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. तरी ते दगडात कोरलं गेलं.

शिल्प आज पांढरट, करडं दिसतं, पण ते तसं नव्हतं. 2012 मध्ये येशिव्हा विद्यापीठाच्या स्टीव्हन फाइन यांच्या गटाने दिव्याच्या पटाची प्रकाशकिरणांच्या साहाय्याने, दगडाला धक्का न लावता तपासणी केली. दिव्यावर पिवळ्या गेरूचे कण सापडले. सोनं दाखवण्यासाठी तो रंगवलेला होता. हे कळल्यावर पट पुन्हा पाहिला की जीव हलतो. रंगीत माणसं, वर निळं आकाश असेलही, आणि त्यात पिवळाधमक दिवा. लांबून येणाऱ्याच्या नजरेत पहिला तोच भरत असणार. यात्रेकरूंच्या त्या मार्गदर्शिकेच्या हजार वर्षं आधीपासून ही दिव्याची कमान होती.

ती टिकली कशी, हेही सांगायला हवं. त्यासाठी कमान उभी कशी राहते ते थोडं पाहू. दगड दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर लांब दगडी तुळई टाकली तर तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि ती मधे तडकते. कमानीत दगड पाचरीसारखे घडवून लाकडी सेंटरिंगवर गोलाकार मांडतात. शेवटी मधला दगड ठोकून बसवला आणि सेंटरिंग काढलं की प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलतो. ताण उरतच नाही, सगळा दाबच. पण हा दाब सरळ खाली जात नाही. तो कमानीचे पाय बाहेर रेटतो. म्हणून दोन्ही बाजूंना जाड खांब लागतात आणि वर जड माथा लागतो, म्हणजे रेटा खाली वळतो. विजयकमानीचा तो ठोकळ्यासारखा माथा फक्त लेख कोरण्यापुरता नसतो. तिला तोलून धरणारं वजनही तोच पुरवतो.

मध्ययुगात फ्रांजिपाने या सरदार घराण्याने कोलोसियमपासून इथपर्यंत आपली गढी केली आणि कमान तिच्या भिंतींमध्ये सामावून घेतली. कमानीच्या पोटात त्यांनी वरचा मजलाही घातला. त्याच्या तुळयांची भोकं पटाच्या वरच्या भागात अजून दिसतात. हे शिल्प खराब करणं होतं आणि त्याच कृतीने कमान वाचलीही, कारण रोममध्ये मोकळा उभा असलेला संगमरवर भाजून चुना करण्याची रीतच होती. पुढे शेजारच्या मठाच्या इमारती तिला चिकटल्या. या काळात कमानीच्या दोन्ही कडांचे बाहेरचे भाग नाहीसे झाले. रेटा झेलायचं त्यांचं काम आजूबाजूच्या भिंती करत राहिल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भिंती काढून कमान मोकळी करायचं ठरलं, तेव्हा ती धड उभी राहीना. काम आधी राफाएले स्टर्नकडे होतं; 1820 मध्ये तो वारला आणि ते जुझेप्पे व्हालादिएकडे आलं. त्याने कमान उतरवली आणि दगडावर दगड ठेवून पुन्हा उभारली. गेलेले भाग भरताना त्याने जे केलं त्यासाठी ही कमान जगभरच्या वास्तुसंवर्धकांना माहीत आहे. मूळ कमान ग्रीसहून आणलेल्या पेंटेलिक संगमरवराची. नव्या भागांसाठी त्याने रोमजवळचा ट्रॅव्हर्टिन दगड वापरला, रंगाने जवळचा पण जरा भरड. मूळ खांबांवर उभ्या पन्हाळ्या आहेत, नवे कोपऱ्यातले खांब त्याने सपाट ठेवले. लांबून कमान पुरी दिसते आणि जवळ गेल्यावर कोणता दगड पहिल्या शतकातला, कोणता एकोणिसाव्या, हे लहान मुलालाही दाखवता येतं. आज हे तत्त्व सर्वमान्य आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेतही, भरलेला भाग मूळ भागाशी जुळावा पण वेगळा ओळखू यावा, असं कलम आहे. त्या वेळी सर्वांना ते पटलं नव्हतं. फ्रेंच लेखक स्टेंडालने तर आता कमानीची नक्कलच उरली आहे अशी तक्रार केली. मी व्हालादिएच्या बाजूचा आहे. आपण भरलेलं आपलं म्हणून उघड सांगणं हा जुन्या कारागिराचा मान राखणंच आहे.

इतकं दगडाचं झालं. ज्यांच्या पराभवाची ही कमान, ती माणसं कुठे होती? ती तिथेच, रोममध्येच होती. रोममधली ज्यू वस्ती कमानीहून जुनी आहे, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत तिचा माग लागतो. 70 नंतर त्यांच्यावर एक विशेष कर बसला. जेरुसलेमच्या मंदिरासाठी ज्यू पुरुष जी वार्षिक वर्गणी देत, तेवढीच रक्कम आता साम्राज्यातल्या प्रत्येक ज्यूने, बायका-मुलांसकट, रोमच्या ज्युपिटरच्या देवळासाठी भरायची. पुढच्या शतकांत नव्या पोपच्या मिरवणुकीसाठी याच कमानीच्या परिसरातला रस्ता सजवण्याचं काम ज्यूंवर असे. आपण होऊन मात्र ते या कमानीखालून जात नसत. कोणी कायदा केला नव्हता. पिढ्यानपिढ्या पाळलेला तो रिवाज होता. वळसा घालायचा, पण खालून जायचं नाही. ज्या कमानीला ना तट ना दरवाजा, तिला वळसा घालणं हाच त्यांच्या हातातला नकार होता.

29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. त्यानंतर काही दिवसांतच रोममधले ज्यू आणि नाझींच्या छळछावण्यांतून वाचून इटलीत आलेले निर्वासित या कमानीपाशी जमले. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर 1943 मध्ये, याच शहरातून हजारांहून अधिक ज्यूंना धरून आउशवित्झला पाठवण्यात आलं होतं. परत आले ते अगदी मोजके. त्या दिवसांची आठवण अशी सांगतात की लोक कमानीखालून गेले, पण उलट्या दिशेने: फोरमकडून बाहेर, जेरुसलेमच्या बाजूला तोंड करून. दगडाचा एक कणही न हलवता त्यांनी कमानीचं वाचन उलटवलं.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आपल्याकडेही असंच घडलं. 1911 मध्ये पंचम जॉर्ज मुंबई बंदरात उतरला त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेटने रोमन विजयकमानीचा साचा आणि गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या इमारतींचे घाट एकत्र करून गेटवे ऑफ इंडिया आखलं. 1924 मध्ये ते पुरं झालं. त्याची दिशा समुद्राकडून शहराकडे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे सैनिक, भारतातली शेवटची ब्रिटिश तुकडी, त्याच कमानीतून शहराकडून समुद्राकडे चालत गेले. अपोलो बंदरावर उभं राहणाऱ्या मुंबईकराला कमानीला दोन बाजू असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक धागा कोकणात जातो आणि मला तो सर्वांत हळवा वाटतो. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, आपल्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असं परंपरेने सांगत आले आहेत. ते कोकणातल्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले आणि केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांची आडनावं लावू लागले. त्यांच्यात मराठी कीर्तनं झाली, ज्यू धर्मग्रंथांतल्या कथांवर, टाळ-पेटीच्या साथीने. पुढे इस्रायलला गेलेल्यांनी तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तारीख हा जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडल्याच्या शोकाचा दिवस. पहिलं बॅबिलोनच्या सैन्याने पाडलं, दुसरं टायटसच्या. जगभरचे ज्यू त्या दिवशी कडकडीत उपास करतात. हा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला. कोकणात तेव्हा पावसाची झड लागलेली असते आणि घराघरात वाल भिजत पडलेले असतात. त्यांना मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायची आणि नारळ घालून बिरडं करायचं. बेने इस्रायली घरांतही या उपासाशी तेच जेवण जोडलं गेलं, आणि त्यांनी त्या दिवसाला नाव दिलं 'बिरड्याचा रोजा'. रोजा हा शब्द फारसीतून आलेला, बिरडं कोकणातलं, आणि दुःख त्या दक्षिणेच्या भिंतीवर कोरलेलं.

कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्र मिळतं, आणि कमान फोरमच्या आवारातच आहे. कोलोसेओ हे मेट्रोचं स्टेशन अगदी जवळ. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ऊन फार असतं. पाण्याची बाटली बरोबर ठेवावी, रोमच्या रस्त्यांवरच्या सार्वजनिक नळांवर ती भरून घेता येते. दक्षिणेच्या पटासमोर जरा जास्त वेळ उभं राहावं, पहिल्यांदा दिवा पाहावा, मग बैठक, मग तुटलेल्या हातांची माणसं आणि शेवटी उजवीकडचा तिरका दरवाजा. पुढचे भोई अर्धे आत शिरले आहेत. दिवा अजून बाहेर आहे.